मानशीचं दार

मंगळवारी दहा चाळीसला मी ते पत्र उघडलं.
थकीत बिल सोबत जोडले आहे.
पाठवणारं वीजखातं,
आणि कुंभारजुव्यात आपलं बिल थकलेलं नाही
अशी खात्री कुणाला असते?

दुपारपर्यंत पतसंस्थेची सगळी खाती कुलूपबंद.
त्याच्याही आधी माझ्या नावानं
तीनशे बारा सभासदांना पत्रं गेलेली:
मी अडचणीत आहे, पैसे पाठवा, फोन करू नका.
खाली माझं नाव, हुद्दा.
मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.

संध्याकाळी बैठक. चहा, मिरचीभजी.
चेअरमन गुणाबाब म्हणाले, चूक हिची. हिनं उघडलं.
फोंड्याचा संगणकवाला म्हणाला,
प्रोग्रॅम जुना आहे, तीनदा लिहून कळवलं होतं.
(त्याची तिन्ही पत्रं नंतर सापडली
लॉटरी आणि टक्कलावरच्या तेलाच्या मधोमध.)
कंपनीच्या फोनवर मराठीसाठी तीन दाबलं,
तर एक बाई हिंदीत म्हणाली, आपण सावध राहायला हवं होतं.
पोलिसानं विचारलं, कुणावर संशय?

इतिवृत्त मीच लिहीत होते.
'चूक हिची' एवढं लिहिलं
आणि 'हिची' खोडलं.
त्या जागी काय घालावं ते सुचेना.

माझा बाप मानशीवर असायचा.
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार ते,
भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतं,
ओहोटीला उघडतं.
खारं पाणी एकदा आत साचलं
की खाऱ्याची सवय असलेलं कोरगूटही मान टाकतं.
कुर्ल्या बांध पोखरतात. बोटाएवढं बीळ.
ज्याला आधी दिसेल त्यानं टाच रोवायची
आणि कूक घालायची.
बाकीच्यांनी चिखल घेऊन धावायचं,
शेत कुणाचं ते मागाहून.

लोक ही गोष्ट इथवरच सांगतात.
सगळ्यांनी मिळून बांध राखावा, टाळ्या.

बाप पुढचंही सांगायचा.
मानशीची पावणी व्हायची,
चढी बोली बोलेल त्याची दारातली मासळी.
मग तो रात्री, भर भरतीत,
दाराच्या फटीत ओंडका सारायचा.
पाण्याबरोबर सुंगटं येतात.
जितकं पाणी आत, तितकं जाळं जड.
आणि सकाळी शेतकऱ्यांना तोच म्हणायचा,
तुमचा बांध कच्चा.

हे मी बैठकीत बोलले.
म्हटलं, माझी टाच चुकली, कबूल.
पण ज्याच्या हाती दार आहे,
ज्याला प्रत्येक थेंबाचे पैसे मिळतात,
त्याला कुणी ओंडक्याबद्दल विचारणार की नाही?
गुणाबाब म्हणाले, शेतीचं पुढच्या बैठकीत घेऊ.
भजी संपली होती.

चौथ्या दिवशी बहारीनहून कायतानचं पत्र.
पाचवीपर्यंत आम्ही एका बाकावर.
दहा हजार पाठवले. फोन नको म्हणालीस, म्हणून केला नाही.
पुरले नाहीत तर लाजू नको.

तीनशे बारांतला हा एकटा फसला.
इतरांनी लगेच ओळखलं, ही अशी मागणार नाही.
काहींनी तर फोन करून माझं कौतुकही केलं.
त्या रात्री मला त्यांच्यापैकी कुणाचंच नाव आठवेना.

इतिवृत्तातली जागा अजून कोरी आहे.
दर महिन्याला पाचशे रुपये घेऊन
मी त्याच्या आईकडे जाते.
पहिल्यांदा तिनं विचारलं, हे कसले गं?
म्हटलं, बांधाचे.
तिनं नोटा दोनदा मोजल्या,
चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाली, मग पावती कुठाय?